पार्श्वभूमी: येमेनमधल्या गरिबांची जुनी यादी

येमेनची बातमी आपल्याकडे येते ती बहुतेक वेळा तांबड्या समुद्रात एखाद्या जहाजावर क्षेपणास्त्र पडलं की. या देशात गरिबांना दर तिमाहीला रोख रक्कम देणारी सरकारी योजना होती, हे त्या बातमीत नसतं. सरकार दुभंगलं, योजना बंद पडली, पण तिची लाभार्थी यादी टिकली. पुढे परदेशी मदतही त्याच यादीवरून वाटली गेली. येमेनमधल्या गरिबीचं राजकारण समजून घ्यायचं तर या यादीपासून सुरुवात करावी असं मला वाटतं.

येमेनचं दक्षिणेतलं बंदर एडन मराठी वाचकाला तसं परकं नाही. १८३९ मध्ये इंग्रजांनी ते घेतलं आणि १९३२ पर्यंत त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चालला. वासुदेव बळवंत फडके १८८३ मध्ये वारले ते एडनच्याच तुरुंगात. इंग्रज १९६७ मध्ये गेल्यावर दक्षिणेत समाजवादी राजवट आली. तिथे धान्य स्वस्त होतं आणि बहुतेकांच्या नोकऱ्या सरकारी होत्या. उत्तर येमेन मात्र सौदी अरेबियात राबणाऱ्या आपल्या माणसांच्या मनीऑर्डरींवर जगत होता. सरकारने गरिबांसाठी काही करावं याची फारशी निकड तिथे कुणाला वाटली नाही, कारण घरटी कुणीतरी सौदीत होतंच.

२२ मे १९९० रोजी दोन्ही देश एक झाले आणि काही महिन्यांतच घडी विस्कटली. कुवेतच्या प्रश्नावर येमेनने सुरक्षा परिषदेत इराकवरच्या लष्करी कारवाईविरुद्ध मत दिलं. सौदीने तर त्याआधीच येमेनी कामगारांच्या सवलती काढून घेतल्या होत्या. सुमारे आठ लाख माणसं परत आली. पैसे यायचे थांबले आणि खाणारी तोंडं वाढली. ज्यांचा गावाशी संबंध उरला नव्हता अशी हजारो कुटुंबं होदेदा बंदराच्या आसपास झोपड्या टाकून राहिली. १९९४ मध्ये उत्तर-दक्षिण युद्ध झालं आणि तिजोरीत जे काही होतं तेही संपलं.

१९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा कार्यक्रम आला. गहू आणि पिठावरची सबसिडी टप्प्याटप्प्याने काढायची ठरली. येमेन आपल्या गव्हातला जवळजवळ सगळा आयात करतो, त्यामुळे हा घाव थेट भाकरीवर होता. त्यावर उतारा म्हणून १९९६ च्या कायद्याने ‘समाजकल्याण निधी’ उभा राहिला. वृद्ध, अपंग, विधवा, परित्यक्ता, अनाथ यांना थोडी रोख रक्कम द्यायची, असं त्याचं स्वरूप होतं. आपल्याकडच्या संजय गांधी निराधार योजनेशी परिचय असलेल्याला हा निधी लगेच ओळखू येईल. रक्कम अपुरी आणि पात्रता ठरवताना गावातल्या वजनदार माणसाचा शब्द मोलाचा, ही दुखणीसुद्धा तीच. ज्या शेखच्या हातात मतं, त्याच्या माणसांची नावं आधी लागत.

इंधनावरची सबसिडी मात्र राहिली आणि खरा पैसा तिच्यातच होता. डिझेल स्वस्त म्हणजे विहिरीवरचा पंप स्वस्त. मोठा पंप मोठ्या बागायतदाराकडे, त्याच्या शेतात ‘खात’, म्हणजे येमेनमध्ये चघळली जाणारी उत्तेजक पानं. शिवाय स्वस्त डिझेल समुद्रामार्गे बाहेर विकणाऱ्यांची साखळी थेट सत्तेपर्यंत पोचलेली. गरिबांच्या नावाने चालणाऱ्या या खर्चाचा मोठा वाटा गरिबांकडे जातच नव्हता. तरीही टँकरचं पाणी आणि बाजाराला जाणारी गाडी याच डिझेलवर चालायची, म्हणून भाव वाढला की पहिली झळ त्यांनाच बसे. जुलै २००५ मध्ये भाववाढीवरून दंगली झाल्या, माणसं मेली आणि सरकारने काही प्रमाणात माघार घेतली.

२००८ मध्ये कायदा बदलला आणि जागतिक बँक व युरोपीय संघाच्या मदतीने घरोघर सर्वेक्षण झालं. घर, माणसं, मालमत्ता यांवरून गरिबीचे गट पाडले गेले. लाखो नवी नावं आली. जुन्यांपैकी निकषात न बसणाऱ्यांना वगळणं मात्र सरकारला झेपलं नाही. अखेर यादी सुमारे १५ लाख कुटुंबांपर्यंत गेली. युद्धाआधी महिन्याला हाती पडत ते कुटुंबामागे ३,००० ते ६,००० रियाल, म्हणजे तेव्हाच्या दराने १४ ते २८ डॉलर.

३० जुलै २०१४ रोजी सरकारने पेट्रोल लिटरला १२५ वरून २०० रियाल आणि डिझेल १०० वरून १९५ रियाल केलं. तेव्हा देशातली जवळपास निम्मी माणसं दारिद्र्यरेषेखाली होती. हूतींनी, म्हणजे उत्तरेतल्या सशस्त्र बंडखोर संघटनेने, हाच मुद्दा धरून राजधानी सनाच्या रस्त्यांवर तंबू ठोकले. सरकारने दर काहीसे उतरवले, पण २१ सप्टेंबरला राजधानी हूतींच्या ताब्यात गेली. युद्ध केवळ डिझेलमुळे झालं असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. उत्तरेतल्या सादामध्ये २००४ पासून लढाया चालूच होत्या. पण त्या उन्हाळ्यात हूतींच्या मागे जी सामान्य माणसं उभी राहिली, ती डिझेलमुळेच.

मार्च २०१५ मध्ये हूतींविरुद्ध सौदी आघाडीचे हवाई हल्ले सुरू झाले आणि निधीचं वाटप थांबलं. सप्टेंबर २०१६ मध्ये मध्यवर्ती बँक हूतींच्या ताब्यातल्या सनाहून सरकारच्या हाती असलेल्या एडनला हलवली गेली. त्यानंतर शिक्षक, परिचारिका, कारकून अशा सुमारे १२ लाख सरकारी नोकरांपैकी बहुतेकांचे पगार रखडले.

२०१७ मध्ये जागतिक बँकेच्या पैशातून युनिसेफने त्याच १५ लाख कुटुंबांना रोख रक्कम द्यायला सुरुवात केली. गोळीबार चालू असताना नवं सर्वेक्षण करणं शक्य नव्हतं. जुनी यादी दोन्ही बाजूंना मान्य होती, कारण ती दोघांचीही नव्हती. मला हा निर्णय बरोबर वाटतो. त्याची किंमत मात्र ठराविक माणसांनी मोजली. २००८ साली पगारदार असलेला शिक्षक २०१७ साली उपाशी असला तरी यादीत नव्हता. चाळीस लाखांहून अधिक विस्थापितांपैकी अनेकांची तीच गत. आणि मुहम्मशीन. शहरांची झाडलोट पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या माथी मारली गेली तो हा काळ्या वर्णाचा समाज. नगरपालिकेत रोजंदारीवर राबूनही कायम नोकरी नाही, कित्येकांकडे ओळखपत्रच नाही. कागद नसलेला माणूस सर्वेक्षणातही सहज निसटतो. जात काय करते हे ठाऊक असलेल्या आपल्यासारख्यांना हे जास्त समजावून सांगायला नको.

त्यात रियालही दोन झाले. हूतींनी एडनच्या नव्या नोटांवर बंदी घातली. २०२१ च्या अखेरीस डॉलरला एडनमध्ये १,५०० हून जास्त रियाल मोजावे लागत, सनामध्ये ६०० च्या आसपास. एकाच यादीतल्या दोन विधवांच्या हातातल्या तेवढ्याच रियालमध्ये वेगवेगळं पीठ येऊ लागलं.

यादी कुणाची, हा वाद पुढे धान्यवाटपातही शिरला. जागतिक अन्न कार्यक्रमाला लाभार्थींची बोटांच्या ठशांनी नोंद हवी होती, हूतींना ती माहिती स्वतःकडे हवी होती. जून २०१९ मध्ये सनातलं वाटप काही काळ थांबलं. डिसेंबर २०२३ मध्ये उत्तरेतलं सर्वसाधारण धान्यवाटप बंद झालं. देणग्या आटल्यामुळे ९५ लाखांऐवजी ६५ लाख लोकांनाच धान्य द्यायचं होतं आणि वगळायची ती माणसं कोणती यावर वर्षभर बोलूनही एकमत झालं नाही.