दक्षिण तिरोल

दक्षिण तिरोल हा इटलीच्या उत्तर टोकाला, ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंड यांच्या सीमांना लागून असलेला स्वायत्त प्रांत आहे. त्याला जर्मनमध्ये ‘झ्यूडतिरोल’ आणि इटालियनमध्ये ‘आल्तो आदिजे’, म्हणजे आदिजे नदीचा वरचा प्रदेश, असे म्हणतात. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ७,४०० चौ. किमी. असून बोल्झानो (जर्मन नाव बोत्सेन) ही राजधानी आहे.

जवळजवळ सगळा मुलूख आल्प्स पर्वताचा आहे. पश्चिमेस ओर्टलर (३,९०५ मी.) हे सर्वोच्च शिखर असून पूर्वेस डोलोमाइट पर्वताचे फिकट रंगाचे कडे उभे आहेत. वस्ती, सफरचंदाच्या बागा आणि द्राक्षमळे मुख्यतः खोऱ्यांत एकवटले असल्याने या प्रांताची रचना नद्यांवरूनच नीट उमगते. रेशेन खिंडीजवळ उगम पावणारी आदिजे मेरानपाशी दक्षिणेकडे वळते. ब्रेनर खिंडीकडून येणारी आयझाक नदी ब्रिक्सन येथे रिएन्त्स नदीला पोटात घेऊन बोल्झानोच्या दक्षिणेस आदिजेला मिळते.

पहिल्या महायुद्धानंतर १९१९ च्या सँ-जर्मँ तहाने हा प्रदेश ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला. जलविभाजक, म्हणजे वेगवेगळ्या दिशांना वाहणाऱ्या नद्यांची खोरी अलग करणारी डोंगररांग, ही नैसर्गिक सीमा होय, असा इटलीचा दावा होता. परंतु टोब्लाखजवळ उगम पावणारी द्रावा नदी पूर्वेकडे वाहत डॅन्यूबला मिळते आणि तरीही तिच्या वरच्या खोऱ्यातील इनिखेन इटलीतच आहे. म्हणजे त्या टोकाला दाव्याचा निकष सीमेनेच मोडला आहे.

प्रांतात ११६ नगरपालिका असून त्या सात जिल्हासंघांत विभागल्या आहेत. फिन्शगाउ, आयझाकटाल, व्हिपटाल व पुस्टरटाल या संघांची नावे थेट खोऱ्यांवरून आली आहेत. उरलेले तीन संघ म्हणजे मेरानभोवतीचा बुर्गग्राफेनआम्ट, साल्टेन-श्लेर्न आणि दक्षिणेकडचा युबरएच-उंटरलांड. बोल्झानो शहर मात्र कोणत्याही संघात नाही.

भाषेच्या बाबतीतही हे शहर वेगळे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार प्रांतात जर्मन भाषागट सुमारे ६९ टक्के, इटालियन २६ टक्के आणि लादिन (डोलोमाइट भागातील एक रोमान्स भाषा) साडेचार टक्के होता; बोल्झानोत मात्र जवळपास तीनचतुर्थांश लोक इटालियन गटाचे होते. फॅसिस्ट राजवटीने तेथे कारखाने उभारून इटलीच्या अन्य भागांतून कामगार आणल्याचा हा परिणाम होय. त्याच राजवटीने १९२३ मध्ये इटालियन स्थलनामे सक्तीची केली. पुढे इटली व ऑस्ट्रिया यांच्यातील १९४६ चा पॅरिस करार आणि १९७२ चा स्वायत्तता कायदा यांनी जर्मन भाषेच्या हक्कांना आधार दिला. आज गावांच्या पाट्यांवर दोन्ही नावे दिसतात. ग्रोडेन आणि बादिया या लादिन खोऱ्यांत तिसरेही असते.