मराठवाड्यातील कादंबरी-शिफारशीची पार्श्वभूमी

“सध्या वाचायला एखादी रंगतदार, अलीकडची कादंबरी सुचवा,” ही मागणी लातूर, नांदेड, परभणीच्या ऑनलाइन वाचकगटांत आज सर्रास दिसते आणि तिला तासाभरात पाच-दहा उत्तरे मिळतात. वाचकांनी वाचकांना विचारण्याची ही रीत मराठवाड्यात त्यामानाने नवी आहे. त्याआधीची कित्येक वर्षे हे काम गावच्या ग्रंथपालाकडे होते. तो काय सुचवू शकेल हे कपाटात काय आले आहे यावर ठरे, आणि कपाटात काय येईल हे बव्हंशी अनुदानावर ठरे.

निजामी राजवटीत शिक्षण आणि कारभार उर्दूत असताना मराठी वाचनालय चालवणे हेच भाषेसाठी केलेले काम होते. त्यामुळे मन रमवणाऱ्या कादंबरीपेक्षा मन जागवणारे पुस्तक हाती देणे स्वाभाविकच मानले गेले. 1948 नंतर राजवट गेली, तरी ही वृत्ती राहिली. पुढे औरंगाबादेत 1950 मध्ये निघालेले महाविद्यालय आणि 1958 मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ यांच्या परिसरातून दलित आणि ग्रामीण साहित्याची मोठी चळवळ उभी राहिली. तिने मराठी कादंबरीला जे दिले त्याचे मोल कमी करता येणार नाही. मात्र मराठवाड्याची कादंबरी म्हणजे दुष्काळ, सावकार आणि विस्थापन, असा समज समीक्षेत आणि अभ्यासक्रमांत रुजला. रहस्यकथेत किंवा खेळकर कौटुंबिक कथानकात रमणाऱ्या वाचकाला आपली आवड सांगताना संकोच वाटू लागला. हा संकोच अकारण होता, कारण गुंतवून ठेवणारे कथानक रचणे हेही लेखनकौशल्यच आहे.

ग्रंथालय कायदा 1967 चा. 1968 पासून तो लागू झाला आणि ‘अ’ ते ‘ड’ अशा वर्गवारीनुसार अनुदान मिळू लागले; ‘ड’ हा सर्वांत खालचा वर्ग. त्याचा लाभ घेत नंतरच्या दशकांत मराठवाड्यात गावोगाव वाचनालये निघाली. राज्यातील हजारो सार्वजनिक ग्रंथालयांत या विभागाचा वाटा मोठा आहे. त्यांतील काही केवळ कागदावर होती, ही तक्रारही जुनी आणि खरी होती.

या तक्रारीवर उपाय म्हणून मे 2012 मध्ये महसूल यंत्रणेकडून राज्यभर एकाच वेळी पडताळणी झाली. फलक, इमारत, दाखल नोंदवही, पुस्तकांची प्रत्यक्ष संख्या असे सारे तपासले गेले. बोगस संस्था शोधण्याचा हेतू रास्त होता आणि जनतेच्या पैशाचा हिशेब मागण्याला कोणाचीच हरकत असू नये. प्रश्न पुढच्या निर्णयाचा आहे. पडताळणीनंतर नव्या ग्रंथालयांना मान्यता देणे आणि चालू ग्रंथालयांचा वर्ग वाढवणे दीर्घकाळ थांबले. परिणामी खोटी ग्रंथालये आणि मनापासून चालणारी ग्रंथालये यांना एकच मोजमाप लागले. वाचक दुपटीने वाढले तरी ‘ड’ वर्गातील वाचनालय ‘ड’ वर्गातच राहिले. समर्थकांच्या मते शिस्त आणायची तर एवढे कठोर व्हावेच लागले. पण त्या शिस्तीची किंमत प्रामाणिक ग्रंथपालाने आणि त्याच्या वाचकाने मोजली. तुटपुंज्या रकमेतून वेतन, भाडे आणि वीजबिल भागवल्यावर खरेदीसाठी जे उरे त्यात स्पर्धा परीक्षांची पुस्तके आधी येत, कारण अभ्यासिकेतील मुलांची ती तातडीची गरज असे. शासनमान्य यादीतून काही खरेदी करावी लागे ती वेगळीच. वर्ष-दोन वर्षांपूर्वीची नवी कादंबरी अशा वाचनालयात पोहोचणे कठीण झाले, आणि जे पुस्तक ग्रंथपालाने पाहिलेच नाही ते तो कोणाला सुचवणार?

ही पोकळी वाचकांनी स्वतः भरली. 2016 च्या अखेरीस मोठ्या ई-पुस्तक विक्री सेवेवर मराठी पुस्तके उपलब्ध झाली, 2017 पासून मराठी श्राव्य पुस्तकांची सेवा सुरू झाली. घरपोच पुस्तके मागवणे सोपे झाल्यावर तालुक्याच्या गावी बसूनही नवी कादंबरी महिन्याभरात वाचता येऊ लागली. उस्मानाबाद (2020) आणि उदगीर (2022) येथील साहित्य संमेलनांमुळे ग्रंथविक्रीची दालने जवळ आली आणि प्रत्यक्ष चाळून पुस्तक निवडण्याची संधी मिळाली. वाचकगटांतील शिफारशीत वाचकाचे वय, सवड आणि मनःस्थिती विचारली जाते. “आधी ही वाचा, भाषा सोपी आहे, पहिली पन्नास पाने संथ आहेत,” असे नेमके सांगितले जाते. समीक्षेत सहसा न मिळणारी ही माहिती नव्या वाचकाला सर्वांत उपयोगी पडते.

2022 मध्ये ग्रंथालयांच्या अनुदानात 60 टक्के वाढीचा निर्णय झाला. गटांतून वारंवार सुचवली जाणारी नावे गावच्या ग्रंथपालापर्यंत खरेदीच्या आधी पोहोचवण्याची ठरलेली व्यवस्था मात्र अद्याप नाही. ज्याच्याकडे फोन आहे पण पुस्तक विकत घेण्याची ऐपत नाही, त्या वाचकाला शिफारस मिळते आणि कादंबरी मिळत नाही.