साइटवर पहिलाच विद्यार्थी दिसत नाही? फोन करायच्या आधी हे वाचा

लातूर आणि आसपासचे आमचे ग्राहक, म्हणजे क्लासेस, शाळा, पतसंस्था, आडत दुकानं, कृषी सेवा केंद्रं, ज्यांची साइट आमच्या होस्टिंगवर आहे आणि जे अधूनमधून पेजचा कोड स्वतः बदलतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

निकालाचा सीझन आला की आम्हाला एकाच प्रकारचे फोन यायलेत. "सर्व्हर डाऊन आहे का हो, आमच्या टॉपरचं नावच यादीत नाही." सर्व्हर चालू असतो. डेटाबेसमध्ये त्या पोरीचं नाव, मार्क, फोटो सगळं जागेवर असतं. पेजची फाइल उघडली की दिसतं, परवा कुणीतरी तिला हात लावलाय, आणि तो हात बहुतेक घरचाच असतो, पुतण्या इंजिनिअरिंगला असतो नाहीतर क्लासमधले कॉम्प्युटरचे सर असतात. त्यांना पीएचपी, म्हणजे पेजचा कोड ज्या भाषेत असतो ती, येत नाही असं आमचं अजिबात म्हणणं नाही. पण क्वेरीचा, म्हणजे डेटाबेसला केलेल्या मागणीचा, निकाल कोडमध्ये ओढून घेताना एक बारीक जागा आहे, आणि भले भले नेमके तिथंच फसतात.

तुम्ही क्वेरी चालवता तेव्हा हातात यादी येत नाही. येतो तो रिझल्ट नावाचा एक ऑब्जेक्ट, त्यातून ओळी तुम्हाला एकेक करून मागाव्या लागतात. मागायचं काम फेच करतं. फेच असॉक एकदा म्हटलं की एक ओळ मिळते आणि आतला काटा, म्हणजे कुठवर वाचलंय ती खूण, पुढच्या ओळीवर सरकतो, परत म्हटलं की दुसरी ओळ, ओळी संपल्या की मायएसक्यूएलआय नल देतं, पीडीओ असेल तर फॉल्स (पीएचपीतून डेटाबेसशी बोलायच्या या दोन पद्धती, आणि दोन्ही उत्तरांचा अर्थ आता ओळ नाही), आणि तेवढ्यावरच व्हाइल लूप, म्हणजे ओळ मिळते तोवर तेच काम परत परत करणारा कोड, थांबतो. काटा आपोआप मागं कधीच येत नाही. आडतीवर हमाल थप्पीवरून कट्टा उचलून वजनकाट्यावर ठेवतो तसं समजा, उचललेला कट्टा थप्पीवर परत जात नसतो. आता माल आलाय का एवढंच बघायला पहिला कट्टा उचलून बाजूला ठेवला आणि वजन दुसऱ्यापासून सुरू केलं, तर पट्टीत एक कट्टा कमी भरणारच.

पेजमध्ये नेमकं हेच होतं. यादी रिकामी असेल तर "निकाल लवकरच जाहीर होईल" असं दाखवायचं असतं, म्हणून लूपच्या वर एक फेच लिहिलं जातं. ओळ मिळाली का बघतात, मिळाली तर खाली व्हाइल सुरू, आणि व्हाइलच्या कंसात परत फेच. वरच्या फेचनं पहिली ओळ घेतली, ती कुणी छापलीच नाही, लूप दुसरीपासून चालला. आणि निकालाची यादी मार्कांच्या उतरत्या क्रमानं लावलेली असल्यामुळं गायब होणारी पहिली ओळ म्हणजे बरोब्बर तुमचा टॉपर, ज्याचा फ्लेक्स चौकात लागलाय तो.

हे लवकर लक्षात येत नाही, कारण पेजवर एरर काहीच येत नाही. अनुक्रमांक तर लूपमधला काउंटर छापतो, तो १, २, ३ असा व्यवस्थित चालतो, त्यामुळं दुसऱ्या नंबरची मुलगी साइटवर पहिली दिसायला लागते आणि दोन्ही घरचे लोक क्लासवर येऊन बसतात. एक खूण सांगतो, ती बघितली की आम्हाला फोन करायची गरजच नाही. बहुतेक पेजवर वर "एकूण विद्यार्थी" असा आकडा असतो, तो नम रोज या ओळींच्या आकड्यातून येतो, आणि नम रोज किती ओळी वाचल्या ते मोजत नाही, रिझल्टमध्ये किती आहेत ते सांगतं. वर ४१२ आणि खाली मोजल्यावर ४११ असतील तर हीच भानगड. पेजिंग असेल तर अजून मजा, एका पानावर २० नावं म्हटली तर ४१२ पोरांची २१ पानं होतात, आणि प्रत्येक पानाची क्वेरी वेगळी असल्यामुळं प्रत्येक पानाची पहिली ओळ जाते. म्हणजे १, २१, ४१ करत थेट ४०१ पर्यंत २१ पोरं गायब, आणि फोन मात्र टॉपरच्या बापाचाच येतो. ज्या बॅचमध्ये एकच विद्यार्थी आहे तिथं तर सगळं पानच कोरं, वर मात्र एकूण १.

आडत दुकानाच्या साइटवर हाच प्रकार दिवसाच्या पहिल्या सोयाबीनच्या लॉटला होतो. तिथं लोक म्हणायलेत की सकाळचा भाव अपलोडच झाला नाही. झालेला असतो.

यावर उपाय सोपा आहे. यादी रिकामी आहे का एवढंच बघायचं असेल तर फेच करूच नका, नम रोज शून्य आहे का ते बघा आणि लूप आहे तसा राहू द्या. मायएसक्यूएलआय नेहमीच्या पद्धतीनं सगळा निकाल आधी मेमरीत आणून ठेवतं, त्यामुळं हा आकडा लगेच खरा मिळतो. पीडीओ वापरत असाल तर सिलेक्ट क्वेरीला, म्हणजे ओळी मागणाऱ्या क्वेरीला, रो काउंट या त्याच्या आकड्यावर विसंबू नका, सगळ्या डेटाबेसवर तो आकडा देईलच याची गॅरंटी नाही. पीडीओमध्ये छोट्या यादीसाठी फेच ऑल करून सगळ्या ओळी मेमरीतल्या एका यादीत, म्हणजे अ‍ॅरेत घ्या, अ‍ॅरे रिकामा आहे का बघा, नसेल तर फॉरईच, म्हणजे त्यातल्या प्रत्येक ओळीवरून जाणारा लूप, फिरवा, अ‍ॅरे कितीही वेळा फिरवला तरी ओळी कुठं जात नाहीत. पण हे निकाल, स्टाफ, दिवसाची आवक असल्या यादीला ठीक आहे. पतसंस्थेच्या दहा वर्षांच्या व्यवहारांना फेच ऑल लावलं की पीएचपीची मेमरी लिमिट, जी मुळात १२८ एमबी असते, ती संपते आणि पेज पांढरं पडतं. तिथं व्हाइलमध्ये एकेक ओळच घ्यायची, किंवा क्वेरीतच लिमिट लावून पानं पाडायची. आणि पहिली ओळ मुद्दाम वेगळी हवीच असेल, समजा टॉपरचा फोटो वर मोठा दाखवायचाय, तर डू व्हाइल वापरा, म्हणजे हातातली ओळ आधी छापायची आणि पुढची नंतर मागायची.

याचाच भाऊ असलेला दुसरा प्रकार. वर गावांचा ड्रॉपडाऊन भरला आणि खाली टेबलसाठी त्याच रिझल्टवर परत व्हाइल लावला, तर टेबल रिकामं येतं. काटा शेवटाला गेलेला असतो. डेटा सीक शून्य केलं की तो सुरुवातीला येतो, नाहीतर आधीच अ‍ॅरेत घेऊन ठेवा, आम्ही अ‍ॅरेच घेतो.

मग येते ती प्रसिद्ध एरर, "कॉल टू अ मेंबर फंक्शन फेच असॉक ऑन बूल". याचा स्क्रीनशॉट पाठवून लोक फेचची ओळ दुरुस्त करत बसलेले असतात, कारण एररमध्ये त्याच ओळीचा नंबर असतो. चूक तिच्या वर असते. क्वेरीच फेल झाली, क्वेरीनं रिझल्टऐवजी फॉल्स दिलं, आणि त्या फॉल्सला आपण ओळ मागायलोत. कॉलमचं स्पेलिंग बघा, टेबलचं नाव बघा, सर्चमध्ये कुणी इंग्रजीतून अपॉस्ट्रॉफीवालं हॉस्टेलचं नाव टाकलंय का बघा, त्या खुणेनं क्वेरीचं वाक्य मधेच तुटतं. पीएचपी ८.१ पासून मायएसक्यूएलआय अशा वेळी स्वतःच एक्सेप्शन फेकतं, म्हणजे तिथंच थांबून चूक सांगतं, त्यामुळं खरी चूक निदान एरर लॉगमध्ये सापडते. लॉग तुमच्या पॅनेलमध्ये आहे, तो एकदा तरी उघडा राव. साइट बघणाऱ्याला पेजवर एरर दिसू नये म्हणून आम्ही डिस्प्ले एरर बंद ठेवतो, त्यावरून काही लोक नाराज आहेत, पण टेबलांची नावं आणि फाइलचे पत्ते येणाऱ्या जाणाऱ्याला दाखवायचे नसतात, त्यामुळं ते बंदच राहणार.

अपॉस्ट्रॉफीचा विषय निघालाच आहे तर, बैठक क्रमांक किंवा मोबाइल नंबर फॉर्ममधून घेऊन तो सरळ क्वेरीच्या वाक्यात चिकटवू नका. आज हॉस्टेलच्या नावानं क्वेरी फुटली, उद्या कुणी मुद्दाम तिथं दुसरी काही अट घुसवून सगळ्यांचा डेटा काढून नेईल. प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरा, जागा प्रश्नचिन्हानं ठेवायची आणि व्हॅल्यू वेगळी बांधायची, मग ती व्हॅल्यू फक्त व्हॅल्यूच राहते. आम्ही बनवलेल्या सगळ्या पेजवर हेच आहे. "चार ओळींचं काम सात ओळीत का केलं" असं विचारणाऱ्यांना हे उत्तर.

यूट्यूबवरच्या जुन्या व्हिडिओंबद्दल. मायएसक्यूएल अंडरस्कोर फेच अ‍ॅरे, म्हणजे नावात शेवटचा आय नसलेलं ते जुनं फंक्शन, पीएचपी ५.५ मध्ये २०१३ ला बाद ठरवलं आणि २०१५ च्या डिसेंबरला आलेल्या ७.० मध्ये काढूनच टाकलं. ते चालत नाही यात आमच्या सर्व्हरचा दोष नाही, आणि "जुनंच व्हर्जन ठेवा ना" हे आम्ही करत नाही. ५.६ चे सिक्युरिटी अपडेट २०१८ च्या शेवटी बंद झाले. पतसंस्थेच्या खातेदारांची माहिती असल्या व्हर्जनवर ठेवायची आमची तयारी नाही, मग ग्राहक दुसरीकडं गेला तरी चालेल.

मायएसक्यूएलआयचं फेच अ‍ॅरे चालतं, पण ते प्रत्येक किंमत दोनदा देतं, एकदा कॉलमच्या नंबरानं आणि एकदा नावानं. त्यावर फॉरईच फिरवला की नाव, नाव, मार्क, मार्क असं दोन दोनदा छापतं. फेच असॉक घ्या आणि कॉलम नावानंच मागा. नंबरानं मागितलेले कॉलम आज बरोबर दिसतात, पुढच्या महिन्यात कुणी टेबलात मधेच पालकांच्या मोबाइलचा कॉलम टाकतं, क्वेरीत सगळेच कॉलम मागणारं सिलेक्ट स्टार असतं, आणि मार्कांच्या रकान्यात मोबाइल नंबर छापून येतात. आईबापांना ते सांगणं किती अवघड जातं ते ज्या क्लासवर घडलं त्यांना विचारा. म्हणून सिलेक्टमध्ये स्टार नको, लागतील तेवढीच कॉलमची नावं लिहा.

क्रमाचंही तसंच. क्वेरीत ऑर्डर बाय, म्हणजे कुठल्या क्रमानं ते, लिहिलं नसेल तर ओळी कुठल्याही क्रमानं येऊ शकतात, आजपर्यंत बरोबर आल्या म्हणून उद्या येतीलच असं काही नाही.

पेज स्लो असल्याची तक्रार आली की आम्ही आधी लूपच्या आत बघतो. विद्यार्थ्यांची एक क्वेरी, आणि लूपमध्ये प्रत्येक विद्यार्थ्यासाठी फीची वेगळी क्वेरी, म्हणजे ४१२ पोरांच्या पानाला ४१३ क्वेरी. शेअर्ड होस्टिंग आहे, शेजारी अजून साइट असतात. जॉइन लावून, म्हणजे दोन्ही टेबलं जोडून, एकाच क्वेरीत आणा. अशा पेजसाठी मोठा प्लॅन घ्या असं आम्ही म्हणत नाही, म्हटलं असतं तर आमचाच धंदा वाढला असता, पण कोड तसाच राहिला तर मोठ्या प्लॅनवरही सहा महिन्यांनी तेच रडगाणं.

मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसत असतील तर तो फेचचा दोष नाही. कनेक्शन केल्या केल्या सेट कॅरसेटनं यूटीएफ ८ एमबी ४ हा कॅरसेट, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, सांगायचा असतो, आणि टेबलही त्याच कॅरसेटमध्ये पाहिजे. हे तपासेपर्यंत नवीन एंट्री थांबवा. दाखवताना प्रश्नचिन्ह येत असेल तर दुरुस्त होतं, पण सेव्हच प्रश्नचिन्ह झालं असेल तर मूळ नाव कुणालाच परत आणता येत नाही, परत टाइप करावं लागतं.

आता पैशाचं. वार्षिक मेंटेनन्स घेतलेल्यांना पेजमधल्या असल्या दुरुस्तीचे वेगळे पैसे नाहीत, आणि लाइव्ह साइटला हात न लावता बदल करून बघायला एक टेस्ट कॉपीही मिळते. पुतण्याला तीच द्या, त्यानं हवं तेवढं शिकावं, चालतंय म्हटल्यावर आम्ही ते लाइव्हवर टाकू. ज्यांच्याकडं फक्त होस्टिंग आहे त्यांच्या कोडची दुरुस्ती चार्जेबल आहे, ओळख कितीही जुनी असली तरी. एक ओळ बदलायचे पैसे कशाचे असं विचारतात, तर ती कुठली ओळ हे शोधायचे.

दुरुस्तीला देताना व्हॉट्सअ‍ॅपवर नुसतं "साइट बंद आहे" असं पाठवू नका. पेजची लिंक, वरचा एकूण आकडा आणि खालची यादी दोन्ही दिसतील असा स्क्रीनशॉट, कुठली फाइल कधी बदलली, आणि बदलायच्या आधीची फाइल ठेवली असेल तर ती. बॅकअप रोज रात्री होतो, त्यामुळं कालची फाइल आमच्याकडून मिळेल, पण आज दुपारी बदलून संध्याकाळी परत बदललेली मधली फाइल मिळणार नाही. बारावी आणि नीटच्या निकालाच्या आठवड्यात पेज तयार करून हवं असेल तर चार दिवस आधी सांगून ठेवा, यादी मार्क आल्यावर भरता येते.