‘आळशी झालाय’ म्हणण्याआधी: स्किझोफ्रेनियातली निगेटिव्ह लक्षणं आणि डोक्याला मार लागल्यानंतरची

‘डॉक्टर म्हणाले, निगेटिव्ह सिम्प्टम्स आहेत,’ हे कळलं की घरचे हमखास सुरू करतात, ‘अरे, जरा पॉझिटिव्ह विचार कर!’ पण इथल्या निगेटिव्हचा विचारांशी संबंध नाही. निगेटिव्ह म्हणजे वजा. नसलेले आवाज ऐकू येणं, भलताच संशय येणं ही अधिकची लक्षणं. बोलणं, हावभाव, उत्साह, माणसांची ओढ आटणं ही वजाची. एकोणिसाव्या शतकात ह्यूलिंग्ज जॅक्सन या इंग्रज मेंदूतज्ज्ञाने मेंदूविकारांसाठी ही विभागणी वापरली. मनोविकारांत ती पुढे रुजली. दोन्हीकडे एकच शब्द, आणि चित्रही बरंचसं एकच.

सकाळचे साडेदहा. खांद्यावर टॉवेल टाकून मुलगा पलंगाच्या कडेला अर्धा तास बसलाय, बादली भरून वाहतेय. एका घरातला मुलगा स्किझोफ्रेनियाचा शुभार्थी, म्हणजे रुग्ण. दुसऱ्या घरातला बाइकवरून पडून कपाळावर आपटलेला, हेल्मेटशिवाय. दोन्हीकडे आईचं वाक्य तेच: ‘आळशी झालाय मेला.’

दुसऱ्या घराला तारीख सांगता येते. अपघाताच्या आदल्या दिवशीपर्यंत तो मित्रांत होता. पहिल्या घराला नाही सांगता येत. दहावीनंतर मित्र कमी झाले, मग कॉलेज सुटलं, आवाज तर फार नंतर आले. वजा लक्षणं भासांच्या कित्येक वर्षं आधी सुरू झालेली असू शकतात. घरचे तेव्हा ‘वयाचं आहे’ म्हणतात, आणि त्यांना दोष तरी कसा द्यायचा?

मार लागून कपाळामागच्या मेंदूचा मधला भाग किंवा त्याला जोडलेले खोलवरचे पेशीसमूह दुखावले, तर काम सुरू करणारी कळच बिघडते. ‘ऊठ’ म्हटलं की तो उठतो, ‘पाणी घे’ म्हटलं की घेतो. सांगणारा बाजूला झाला की तांब्या हातातच. त्याला विचारा, वाईट वाटतंय का? नाही म्हणेल. वर क्षुल्लक गोष्टीवरून एकदम भडकेलही. (मार लागल्यावरचा सीटी स्कॅन ‘नॉर्मल’ आला म्हणून मेंदू सुटला असं समजू नका.) स्किझोफ्रेनियात गोम वेगळी असते. ताटात आलेला आमरस अनेकांना गोडच लागतो, पण ‘उद्या आमरस आहे’ याने ओढ लागत नाही. पुढच्या सुखाची आशाच उठवत नाही.

बोलण्यातही फसगत होते. ‘जेवलास?’ ‘हं.’ एवढ्यावर संपतं, ते वजा लक्षण असू शकतं. पण चमचा दिसत असून ‘ते... ढवळायचं...’ अशी शब्दासाठी धडपड चालली असेल, तर तो अफेझिया, म्हणजे मेंदू दुखावल्याने भाषाच अडखळणं. तिथे स्पीच थेरपिस्टच हवा.

सगळ्यात जास्त निसटतं ते गोळ्यांचं. चेहरा ताठ, चाल आखडती, हात हलत नाहीत, हे काही वेळा औषधाने होतं आणि डोस बदलून सुधारतं. डॉक्टरांना सांगा, स्वतः गोळ्या बंद करू नका. उलट बाजूही आहे: भासांवरच्या औषधांचा वजा लक्षणांवर फारसा जोर चालत नाही. ‘गोळ्या घेऊनही तसाच’ म्हणजे गोळ्या वाया गेल्या असं नाही. आवाज थांबलेत का ते बघा. आणि रडू, अपराधीपणा, ‘माझं काही खरं नाही’ हे सतत चाललं असेल, तर डिप्रेशनची शंका घ्या. तेही या दोन्हींच्या जोडीला येतं.

डॉक्टरांकडे जाताना शुभंकराने, म्हणजे काळजी घेणाऱ्या घरच्या माणसाने, तीन गोष्टी लिहून न्याव्यात: हे कधीपासून, सांगितल्यावर काय होतं, आणि एकटा सोडल्यावर काय होतं. तोवर बाथरूमच्या दारावर एक चिठ्ठी चिकटवा. ‘नळ बंद. साबण. टॉवेल.’ ती दोन्ही घरांत चालते.