खाडीचं पाणी पुरावा धुऊन नेत नाही

"खाडीत गेलं ते ओहोटीबरोबर गेलं, आता काय सापडणार?" कोकणपट्टीत हे वाक्य वर्षानुवर्षं ऐकू येतं. खून करून प्रेत पाण्यात टाकलं की पुरावा संपला, हा समज चुकीचा आहे.

उलट पाणीच साक्ष देऊ शकतं. समुद्रात, खाडीत, विहिरीत डायटम नावाची सूक्ष्म शैवालं असतात. त्यांचं कवच सिलिकाचं, सहजी न कुजणारं. जिवंत माणूस बुडताना पाणी फुप्फुसात ओढतो आणि चालू असलेलं हृदय त्यातले डायटम रक्तातून थेट अस्थिमज्जेपर्यंत पोचवतं. आधीच मेलेल्या माणसाचं रक्ताभिसरण थांबलेलं असतं, त्यामुळे ते सहसा तिथवर जात नाहीत. शिवाय गोड्या पाण्यातले प्रकार वेगळे, खाऱ्यातले वेगळे. विहिरीत बुडवून प्रेत खाडीत टाकलं असेल, तर तेही उघड होऊ शकतं. म्हणून प्रेत सापडलं तिथल्या पाण्याचा नमुना घ्यायलाच हवा. नातेवाइकांनी त्याबद्दल जरूर विचारावं.

मात्र डायटम सापडले नाहीत म्हणजे माणूस बुडून मेलाच नाही, असंही नव्हे. शवविच्छेदनातल्या इतर खुणांसोबतच डायटम तपासणीचा अहवाल वाचायचा असतो.

आणि ओळख? चेहरा ओळखू येईनासा झाला, तरी दात आणि मांडीच्या हाडातून डीएनए मिळू शकतो.