वजन तेवढंच, मग कंबर का वाढते?

सकाळी पुण्याच्या तळजाई टेकडीवर चालायला येणाऱ्या पन्नाशीच्या बायकांची तक्रार एकच असते: वजन वाढलेलं नाही, पण कपडे पोटावर घट्ट होतात. 'पाळी गेली की असं व्हायचंच' म्हणून ती सोडून देऊ नये. वजन तेवढंच राहूनही स्नायू घटतात आणि चरबी वाढते. शिवाय ती साठण्याची जागा बदलते, आणि खरी मेख इथेच आहे.

मांड्या-नितंबांच्या त्वचेखालच्या चरबीपेशींवर अल्फा-२ नावाचे ग्राही, म्हणजे संप्रेरकांचा निरोप घेणारे रेणू (रिसेप्टर), असतात. ॲड्रेनॅलिन पेशीतली चरबी बाहेर काढू पाहतं, तेव्हा हे ग्राही ब्रेक लावतात. इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक त्यांची संख्या वाढवतं, पण त्वचेखालच्या पेशींतच. आतड्यांभोवतीच्या चरबीत नाही. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन ओसरलं की ब्रेक सैल होतो, चरबी मांड्यांत टिकत नाही आणि पोटातला साठा वाढू लागतो. तिथलं रक्त पोर्टल व्हेनमधून थेट यकृतात जातं, सोबत मेदाम्लंही नेतं. यकृतात डायॲसिलग्लिसरॉल हा चरबीचा एक प्रकार साचतो, त्याने प्रोटीन कायनेज-सी या विकराचा (एन्झाइमचा) एप्सिलॉन प्रकार सक्रिय होतो आणि इन्सुलिनच्या ग्राहीचं काम अडवतो. मग 'साखर बनवणं थांबव' हा इन्सुलिनचा निरोप यकृतापर्यंत नीट पोचत नाही, आणि रात्रभर काही न खाताही सकाळची साखर चढी येते.

बारीक अंगकाठीच्या बाईनेही निर्धास्त राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच आकडे छापले. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २२.३, चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिन यांची ९.१.

म्हणून टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, सहज श्वास सोडल्यावर, न आवळता मोजा. परकराच्या नाडीच्या जागी मोजलं तर आकडा फसवा येतो. भारतीय स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही सावधानतेची रेषा.

'हार्मोन बॅलन्स'च्या पावडरींवर पैसे घालवू नका. बीजांडकोशातली बीजं संपली की कुठलीही पावडर ती परत आणत नाही. चालणं चांगलंच, पण त्याने स्नायू फारसे वाढत नाहीत. आठवड्यातून किमान दोनदा खुर्चीतून हात न टेकता १० उठाबशा, असे तीन फेरे करा. सोपं वाटू लागलं की हातात वजन घ्या. प्रथिनं वजनाच्या किलोमागे साधारण एक ग्रॅम हवीत (मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारून). वाटीभर घट्ट वरणातून सहा-सात ग्रॅमच मिळतात आणि उपवासाच्या साबुदाण्यातून जवळजवळ काहीच नाही. त्या दिवशी दही आणि शेंगदाणे वाढवा.

तपासणीत एक खाचखळगा आहे. पाळी जाण्याआधीच्या वर्षांत रक्तस्राव जास्त होऊन लोह कमी पडतं, आणि लोह कमी असलं की एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकतं. त्यामुळे सोबत हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि उपाशीपोटीची साखर करून घ्या. ती १०० ते १२५ आली तर मधुमेहपूर्व अवस्था समजा. १२६ किंवा जास्त आली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासून खात्री करतात.