अंकोरचा 'महारोगी राजा' खरंच राजा होता का?

कंबोडियाला जाऊन आलेला प्रत्येकजण अंकोर थॉम या जुन्या राजधानीतल्या त्या बसलेल्या पुतळ्याचा फोटो टाकतो आणि खाली लिहितो की हा ख्मेर राजा सातवा जयवर्मन, ज्याला महारोग झाला होता. अहो, तो राजा नाहीच, तो आपला यमधर्म आहे! पुतळ्यावरच्या १४व्या-१५व्या शतकातल्या अक्षरांत चक्क धर्मराज (म्हणजे यम) असं नाव कोरलंय. मग रोग कुठून आला? तर दगडावर शेवाळं चढून चट्टे पडले, बोटं तुटली, आणि लोकांनी महारोगी राजाची जुनी दंतकथा त्याला चिकटवली. दंतकथा तशी जुनीच, १२९६ला तिथे गेलेल्या झोउ दाग्वान या चिनी माणसानेही पूर्वी एका राजाला हा रोग झाल्याचं ऐकून लिहिलंय, पण नाव दिलेलं नाही.

जयवर्मन ११८१च्या सुमारास गादीवर आला. त्याला रोग होता असा धड पुरावा नाही, मात्र त्याच्या ता प्रोम देवळाच्या शिलालेखात राज्यातल्या १०२ आरोग्यशाळांचा उल्लेख आहे. 'एवढे दवाखाने बांधले म्हणजे स्वतः आजारी असणार' हे लॉजिक मला तरी पटत नाही, कारण दवाखान्याच्या शिलालेखात सरळ म्हटलंय की प्रजेचं दुखणं हेच राजाचं दुखणं.

आणि हो, जागेवर आता पुतळ्याची कॉपी आहे, ओरिजिनल नॉम पेन्हच्या म्युझियममध्ये.